कर्नल अपडेटनंतर लिनक्स बूट होत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे तपासा

उबुंटू या लिनक्सचं अपडेट होतं, त्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलतो, मशीन रीस्टार्ट होतं आणि स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची रांग थांबून राहते. शेवटच्या ओळीत ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग’ असं काहीतरी दिसतं, लॅपटॉप असेल तर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत असतो. कधी यातलं काहीच दिसत नाही, नुसता काळा स्क्रीन. मग मशीन दुकानात जातं, तिथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं जातं आणि वर्षभराचे फोटो, हिशेब, अर्धा लिहून झालेला प्रबंध पुसला जातो. हे ऐकलं की जीव तळमळतो, कारण बहुतेक वेळा डेटाला धक्काही लागलेला नसतो. बूट होण्याच्या साखळीतली एकच कडी तुटलेली असते. ती कोणती, हे शोधलं की पुढचं काम फार नाही.

खालचं सगळं उबुंटू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मिंट आणि डेबियनवर जवळपास तसंच चालेल. फेडोरा आणि आर्चबद्दल शेवटी थोडं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीप्रमाणे छोटी रोमन अक्षरं वापरायची, आणि डॅश, स्लॅश, स्पेस जिथे आहेत तिथेच ठेवायच्या.

आधी जुन्या कर्नलवर जा

उबुंटूमध्ये नवीन कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतं. जुनं तसंच राहतं. त्यामुळे पहिली गोष्ट जुन्या कर्नलने मशीन सुरू करून पाहणं, आणि त्यासाठी ग्रबचा (म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू हवा. एकटं उबुंटू असेल तर तो एरवी दिसत नाही. मशीन सुरू करून कंपनीचा लोगो गेला की लगेच एस्केप दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप एकदाच दाबायचं. घाईत तीन-चारदा दाबलं गेलं तर मेन्यूऐवजी ‘ग्रब>’ असा प्रॉम्प्ट येतो. तो आला तर घाबरू नका, तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप, मेन्यू येतो.

मेन्यूत दुसरी ओळ ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ अशी असते. आत गेलात की कर्नलची यादी दिसेल, सगळ्यात नवीन सगळ्यात वर. प्रत्येक आवृत्तीच्या दोन ओळी असतात, एक साधी आणि एक ‘रिकव्हरी मोड’ची. वरची आवृत्ती सोडून तिच्या खालच्या आवृत्तीची साधी ओळ निवडा.

जुनं कर्नल नीट सुरू झालं, तर डिस्क शाबूत आहे, फाइल सिस्टिम शाबूत आहे, ग्रबही शाबूत आहे. दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्याबरोबर यायला हव्या असलेल्या फाइलींमध्ये. जुनंही त्याच जागी अडकलं, तर संशयाची सुई कर्नलवरून हलते. याला एक अपवाद आहे. त्याच अपडेटमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हरही बदलला असेल, तर जुन्या कर्नलवरही काळा स्क्रीन येऊ शकतो. तेवढं ध्यानात ठेवा.

जुन्या कर्नलने काम चालू झालं की पहिल्यांदा महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

‘मी तर काहीच केलं नव्हतं’

हे वाक्य दर वेळी ऐकू येतं आणि ते खरं असतं. उबुंटू डेस्कटॉपवर सुरक्षेची अपडेट आपोआप बसतात, त्यात कर्नलही येतं. ते बसतं एका दिवशी, आणि वापरात येतं पुढच्या रीस्टार्टला. मधे दोन आठवडे गेले असतील तर दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. नेमकं काय झालं ते ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ या फाइलीत तारीख-वेळेसह लिहिलेलं असतं. ‘कमांडलाइन’च्या पुढे ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ दिसलं, तर ते अपडेट मशीनने स्वतःहून घेतलेलं आहे.

इथेच आपल्याकडचं एक कारण येतं. अपडेट मागे चालू असताना लाईट जाते, डेस्कटॉपला यूपीएस नसतो, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते. किंवा बंद करताना मशीन ‘थांबा’ म्हणत असतं आणि कंटाळून कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतं. पॅकेज अर्धवट बसलेलं राहतं. पुढच्या वेळी ॲप्ट (पॅकेज बसवायची-काढायची कमांड) वापरायला गेलात की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा निरोप मिळतो. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या मागे राहून पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम. जुन्या कर्नलवर जाऊन ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं आणि ते विनातक्रार संपलं, तर पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्नल अपडेट हे कधीकधी फक्त रीस्टार्टचं निमित्त असतं. महिन्यापूर्वी कुणी ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना कोणती डिस्क जोडायची, त्या यादीत) बाहेरच्या हार्ड डिस्कची ओळ घातलेली असते, आज ती डिस्क जोडलेली नसते, आणि मशीन दीड मिनिट वाट पाहून ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ म्हणून थांबतं. अशा वेळी कर्नलशी खटपट करण्यात अर्थ नाही. रूटचा पासवर्ड देऊन किंवा रिकव्हरी मोडमधून त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घाला, झालं.

कुठे थांबतंय ते वाचा

उबुंटू बूट होताना निरोप लपवतं, लोगो दाखवतं. आपल्याला निरोप हवेत. ग्रबच्या मेन्यूत नव्या कर्नलच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटचे ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडेल ही भीती नको. जिथे थांबेल तिथला मोबाइलने फोटो काढा. फोटोत शेवटच्या दोन ओळीच नकोत, पूर्ण स्क्रीन हवा; खरं कारण बहुधा पंधरा-वीस ओळी वर असतं.

‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असं असेल, तर कर्नलला त्याचं इनिटरॅमएफएस, म्हणजे डिस्क उघडायला लागणाऱ्या ड्रायव्हरचं गाठोडं, मिळालेलं नाही. याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण सगळ्यात जास्त मशीन इथेच अडतात.

‘(इनिटरॅमएफएस)’ असा प्रॉम्प्ट आला आणि वर ‘बिझीबॉक्स’ लिहिलेलं असेल, तर इनिटरॅमएफएस मिळालं आहे, पण त्याला मुख्य पार्टिशन सापडत नाही किंवा ते उघडता येत नाही. ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असं स्पष्ट म्हटलेलं असेल, तर फाइल सिस्टिमला मार बसला आहे. तिथेच ‘एफएससीके’ आणि पुढे त्या निरोपात दिलेलं पार्टिशनचं नाव टाइप करा. ‘ॲलर्ट! यूयूआयडी ... डझ नॉट एक्झिस्ट’ असेल तर ‘बीएलकेआयडी’ चालवा. तुमची डिस्क त्या यादीतच नसेल, तर एक तर तिचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नाही, नाहीतर केबल किंवा डिस्कच गेलेली आहे. जुन्या कर्नलवर डिस्क दिसते का, यावरून या दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

स्क्रीन काळा, पण कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर लॉगिन विचारतंय, असं असेल तर मशीन पूर्ण बूट झालेलं आहे, फक्त ग्राफिक्स चालू झालेलं नाही. ‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि खाली ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ असेल, तर हा सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या सोयीचा, मामला.

भरलेलं बूट पार्टिशन

कर्नलची मुख्य फाइल, म्हणजे ‘व्हीएमलिनझ’, तुलनेने छोटी असते. तुमची डिस्क, तिच्यावरचं एन्क्रिप्शन, एलव्हीएम (डिस्कची जागा विभागायची एक पद्धत) हे सगळं हाताळणारे ड्रायव्हर तिच्यात असतीलच असं नाही. ते ‘इनिटआरडी.आयएमजी’ या वेगळ्या फाइलीत, म्हणजेच वर आलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये, बांधलेले असतात आणि ती फाइल तुमच्याच मशीनवर, अपडेट बसताना तयार होते. मुंबईहून निघालेल्या पाहुण्याच्या हाती घराचा पत्ता दिला, पण किल्ली द्यायची राहिली, तशी गत होते: कर्नल येतं, दार दिसतं, आत जाता येत नाही. कंसातल्या त्या ‘०,०’चा अर्थ, कर्नलला एकाही डिस्कची ओळख नाही.

ही फाइल तयार का होत नाही? बहुतेक वेळा जागा नसते म्हणून. उबुंटू टाकताना एन्क्रिप्शनचा पर्याय निवडला की ‘/बूट’ हे वेगळं छोटं पार्टिशन बनतं. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते साधारण अर्ध्या ते पाऊण जीबीचं असायचं. त्या काळी एकेक इनिटआरडी लहान असायची. आता फर्मवेअरच्या फाइली वाढल्या, एनव्हीडियाचे मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हर) त्यात शिरले की एकच फाइल शंभर एमबीच्या वर सहज जाते. शिवाय नवी फाइल आधी ‘.न्यू’ अशा तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावर जुनीच्या जागी येते, म्हणजे त्या काही सेकंदांपुरती दुप्पट जागा लागते. दोन-तीन कर्नल साठली की पार्टिशन तुडुंब. होम फोल्डरमध्ये दोनशे जीबी मोकळे असले तरी त्याचा इथे काही उपयोग नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे भरपूर जागा आहे’ म्हणणाऱ्यांचंही मशीन अडतं.

जुन्या कर्नलवर असताना टर्मिनल उघडा आणि आधी ‘यूनेम -आर’ चालवा. जी आवृत्ती दिसेल ती कागदावर लिहून ठेवा. आत्ता तुम्ही जिच्यावर उभे आहात ती फांदी हीच. हिला हात लावायचा नाही. मग ‘डीएफ -एच /बूट’. वापराच्या रकान्यात शंभर टक्के किंवा त्याच्या आसपास दिसलं की निदान जवळपास झालं. पुढे ‘एलएस -एलएच /बूट’ चालवा आणि जोड्या लावा. प्रत्येक ‘व्हीएमलिनझ’ला त्याच आवृत्तीची ‘इनिटआरडी.आयएमजी’ असायला हवी. बिघडलेल्या मशीनवर नव्या आवृत्तीची व्हीएमलिनझ दिसते, तिची इनिटआरडी दिसत नाही. किंवा दिसते, पण बाकीच्या सत्तर-ऐंशी एमबीच्या असताना ही एकटी शून्य बाइटची किंवा निम्म्याच आकाराची. त्या यादीतला आकाराचा रकाना नीट बघा, कारण नाव बरोबर आणि आत अर्धीच फाइल, हा प्रकार नजरेतून निसटतो.

आता जागा करायची. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ हा सरळ मार्ग. ॲप्ट स्वतः चालू कर्नल आणि सगळ्यात नवीन कर्नल राखून बाकीची काढतो. एंटर मारण्यापूर्वी ‘रिमूव्ह’ होणाऱ्यांची यादी वाचा. लिहून ठेवलेली आवृत्ती तिच्यात नाही ना, याची खात्री करा.

पुष्कळदा इथे गाठ बसते. नवं कर्नल अर्धवट बसलं आहे म्हणून ॲप्ट काहीही काढायला नकार देतो, आणि जागा नाही म्हणून अर्धवट राहिलेलं पूर्ण होत नाही. ही गाठ हाताने सोडवावी लागते. सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल (चालू असलेल्याची नव्हे) ‘सुडो एमव्ही’ वापरून होम फोल्डरमध्ये हलवा. पुसू नका, हलवा. तेवढ्याने जागा होते. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, त्यानंतर ‘सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल’, आणि ते पार पडलं की वरचं ऑटोरिमूव्ह. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी ‘/बूट’मधल्या व्हीएमलिनझ फाइली थेट ‘आरएम’ने उडवायचा सल्ला मिळतो. तो मानू नका. डीपीकेजीच्या वहीत ते कर्नल बसलेलंच राहतं, त्याचे मॉड्यूलही ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये पडून राहतात, आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला नवी तक्रार सुरू होते.

जागा झाल्यावर नव्या कर्नलची इनिटआरडी मुद्दाम बनवून घ्या: ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, शेवटच्या ‘-जेनेरिक’सकट. फाइल आधीच आहे पण अर्धी आहे, असं असेल तर ‘-सी’ऐवजी ‘-यू’. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. तो चालताना ‘फाउंड लिनक्स इमेज’ आणि लगेच खाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’ अशा ओळींच्या जोड्या छापतो. नव्या आवृत्तीसाठी दोन्ही ओळी आल्या पाहिजेत. एकच आली तर रीस्टार्ट करण्यात अर्थ नाही, पुन्हा तेच पॅनिक येईल. दोन्ही आल्या आणि ‘एलएस’मध्ये आकारही जुनीच्या जवळपास दिसला, की बिनधास्त रीस्टार्ट करा.

हेच दर दोन-तीन महिन्यांनी होत असेल, तर मूळ अडचण पार्टिशनच्या आकाराची आहे. ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’ या फाइलीत ‘कॉम्प्रेस’ची किंमत ‘एक्सझेड’ केली तर फाइल लहान होते; बनवायला वेळ जास्त लागतो, पण चालतं. त्याच फाइलीत ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘डेप’ केली तर ती आणखी पुष्कळ लहान होते, कारण फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर आत जातात. मी तो बदल टाळतो. पुढे कधी मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली, तर ती तिथे बूट होईलच याची खात्री राहत नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी ती व्हायला हवी असते. नव्याने इन्स्टॉल करायचा योग आलाच तर ‘/बूट’ला दोन जीबी द्या.

बाहेरचे ड्रायव्हर

एनव्हीडिया, व्हर्च्युअलबॉक्स, काही रिअलटेक आणि ब्रॉडकॉमची वाय-फाय कार्डं यांचे मॉड्यूल कर्नलच्या बाहेरून येतात. कर्नलची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते आणि ती स्थिर ठेवायची नाही, हे कर्नल बनवणाऱ्यांचं जाहीर धोरण आहे. त्यामुळे असे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. ते काम डीकेएमएस करतं, आणि ते फसलं की मशीन चालू होऊनही बंदसारखं वाटतं.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वरून लॉगिन करा आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. नव्या आवृत्तीसमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर का नाही, हे ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’च्या आत त्या मॉड्यूलच्या ‘बिल्ड’ फोल्डरमधल्या ‘मेक.लॉग’मध्ये सापडतं. बहुधा नव्या कर्नलचे हेडर, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली, बसलेले नसतात. ‘लिनक्स-हेडर्स-’ आणि आवृत्ती असं पॅकेज टाकून ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ चालवलं की भागतं.

कधी कारण वेगळं निघतं. उबुंटू २२.०४ वर २०२४च्या सुरुवातीला ६.५ कर्नल आलं तेव्हा ते जीसीसी (कोड बांधणारा कंपायलर) १२ने बांधलेलं होतं, आणि मशीनवर मुळात होता जीसीसी ११. बिल्डच्या लॉगमध्ये ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखीचा नाही अशी तक्रार यायची, कारण तो जीसीसी १२पासूनच आहे. ‘जीसीसी-१२’ पॅकेज टाकल्यावर बांधणी व्हायची. लॉग न वाचता ड्रायव्हर काढून-घालून ही अडचण सुटलीच नसती.

ग्राफिक्समुळे काहीच दिसत नसेल, तर ग्रबच्या त्याच ‘लिनक्स’ ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहून बूट करा. स्क्रीन कमी रेझोल्यूशनवर येईल, पण येईल. ही तात्पुरती सोय आहे, कायमची ठेवू नका. एनव्हीडियाच्या संकेतस्थळावरून ‘.रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकलेला असेल, तर तो काढून उबुंटूच्याच भांडारातला घ्या. ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हीडिया’ नावाने सुरू होणारी पॅकेजं आधीच बांधलेली आणि सही केलेली असतात, कर्नलबरोबर पुढे सरकतात. दर अपडेटला काळा स्क्रीन पाहणाऱ्यांसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

सही म्हटलं की सिक्युअर बूट आलंच. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने ते चालू आहे का कळतं. चालू असेल आणि मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधलेलं असेल, तर त्याची किल्ली (मोक) फर्मवेअरकडे एकदा नोंदवावी लागते. त्यासाठी रीस्टार्टनंतर निळ्या रंगाचा ‘परफॉर्म मोक मॅनेजमेंट’ असा स्क्रीन येतो. तो थोडाच वेळ थांबतो आणि बरेच जण ‘कंटिन्यू बूट’ दाबून पुढे जातात. मग मॉड्यूल लोड होत नाही, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं लॉगमध्ये येतं. तिथे ‘एनरोल मोक’ निवडून, आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. स्क्रीन हुकला असेल तर ‘सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट’ देऊन पुढे ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक’मधल्या ‘.डीईआर’ फाइलीचा पत्ता द्या, नवा पासवर्ड ठरवा आणि रीस्टार्ट करा.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असेल तर आणखी एक. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच मशीनवर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ असं येऊन लिनक्स सुरू होईना. तिथे कर्नलचा काही दोष नव्हता. फर्मवेअरमधून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, उबुंटूत जाऊन ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ चालवायचं, एकदा रीस्टार्ट करून उबुंटूत जायचं, शिम (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) अपडेट करायचं आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं, असा त्यावरचा मार्ग होता.

एकही कर्नल सुरू होत नसेल तर

दुसऱ्या कुणाच्या मशीनवर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून घ्या आणि ‘ट्राय उबुंटू’ने सुरू करा. ‘एलएसबीएलके -एफ’ने पार्टिशनं ओळखा. आपलं मुख्य पार्टिशन बहुधा ‘एक्स्ट४’ असतं, ‘व्हीफॅट’ लिहिलेलं छोटं पार्टिशन ईएफआयचं, म्हणजे फर्मवेअर जिथून बूट सुरू करतं ते. फाइल सिस्टिम तपासायची असेल तर आत्ताच, माउंट करण्यापूर्वी, म्हणजे पार्टिशन वापरासाठी जोडण्यापूर्वी. माउंट केलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच चालवू नका. ‘स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कची प्रकृतीही पाहून घ्या. ‘पेंडिंग सेक्टर’ शून्याहून जास्त दिसले तर दुरुस्ती थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढा.

डिस्क ठीक असेल तर मुख्य पार्टिशन ‘/एमएनटी’वर माउंट करा, मग वेगळं असेल तर बूटचं ‘/एमएनटी/बूट’वर, मग ईएफआयचं ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. क्रम हाच ठेवा. त्यानंतर ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ हे चारही ‘माउंट --बाइंड’ने ‘/एमएनटी’च्या आत त्याच नावाच्या फोल्डरवर जोडा आणि ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. आता टर्मिनल तुमच्या स्वतःच्या उबुंटूत आहे. पुढे वर सांगितलेलंच: बूटची जागा बघा, डीपीकेजी पूर्ण करा, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ऑल’, ‘अपडेट-ग्रब’.

एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर इथे एक खाच आहे आणि ती फार जणांना अडवते. ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने डिस्क उघडताना तिला जे नाव द्याल, ते तुमच्या ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’मधल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. वेगळं नाव दिलं तरी डिस्क उघडते, फाइली दिसतात, सगळं छान वाटतं. पण त्या अवस्थेत बनवलेल्या इनिटआरडीत ही डिस्क कशी उघडायची ते येत नाही, आणि रीस्टार्टनंतर मशीन पासवर्ड न विचारताच बिझीबॉक्सवर जाऊन पडतं. म्हणून आधी कोणत्याही नावाने उघडून क्रिप्टटॅब वाचा, बंद करा, आणि तिथलं नाव देऊन पुन्हा उघडा. एलव्हीएम असेल तर त्यानंतर ‘व्हीजीचेंज -एवाय’.

कर्नलचाच दोष असेल तर

क्वचित असंही होतं. ऑक्टोबर २०२२मध्ये ५.१९.१२ कर्नलवर काही इंटेल लॅपटॉपचे स्क्रीन जोरात लुकलुकायला लागले. पॅनेलला इजा होऊ शकते म्हणून ते न वापरण्याचा सल्ला दिला गेला आणि ५.१९.१३मध्ये तो बदल मागे घेतला. डिसेंबर २०२३मध्ये एक्स्ट४मध्ये डेटा बिघडण्याची शक्यता सापडल्यामुळे डेबियनने १२.३च्या इमेज थांबवल्या आणि लगोलग १२.४ दिली. इनिटआरडी पूर्ण आहे, बाहेरचं मॉड्यूल एकही नाही, जुनं कर्नल रोज नीट चालतं आणि नवं दर वेळी त्याच जागी पडतं, असं असेल तरच कर्नलवर ठपका ठेवा. मग ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड’ देऊन पुढे ‘लिनक्स-जेनेरिक’, ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ लिहा आणि जुन्यावर राहा. त्याच वेळी ‘उबुंटू-बग लिनक्स’ने तक्रार नोंदवा, तुमच्यासारखंच हार्डवेअर असलेल्या बाकीच्यांनाही त्याचा फायदा होतो. सुरक्षेची दुरुस्ती कर्नलमधूनच येत असल्याने हे होल्ड महिनोन् महिने ठेवण्यासारखं नाही. पुढची आवृत्ती आली की ‘अनहोल्ड’ करून पाहा.

मेन्यू दर वेळी दिसावा म्हणून ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल’ची किंमत ‘मेन्यू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट’ची ५ करा, मग अपडेट-ग्रब. पाच सेकंद जास्त लागतात, पण घरातल्या कुणालाही फोनवरून ‘दुसरी ओळ निवड’ एवढं सांगता येतं. मी ज्यांची मशीन बघतो त्या सगळ्यांना हे करून ठेवतो.

फेडोरावर साधारण तीन कर्नल राखली जातात आणि एक वेगळं ‘रेस्क्यू’ही मेन्यूत असतं. तिथे इनिटरॅमएफएस बनवायला ‘सुडो ड्रॅकट --फोर्स --रीजनरेट-ऑल’, आणि जुनं कर्नल कायमचं निवडायला ‘ग्रबी --सेट-डीफॉल्ट’. आर्चवर मात्र जुनं कर्नल ठेवलंच जात नाही, म्हणून ‘लिनक्स-एलटीएस’ हे पॅकेज सोबतीला टाकून ठेवाच. आर्चवर एक प्रकार वारंवार दिसतो: ‘/बूट’ माउंट न करताच ‘पॅकमॅन’ने अपडेट केलेलं असतं. नवं कर्नल रिकाम्या फोल्डरमध्ये जातं, मशीन मात्र पार्टिशनमधल्या जुन्याने सुरू होतं, आणि त्याचे मॉड्यूल आता काढून टाकलेले असतात. ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट’ असा निरोप आला की हेच समजा. लाइव्ह पेनड्राइव्हने सुरू करून, या वेळी ‘/बूट’सकट सगळं माउंट करून, ‘आर्च-सीएचरूट’मध्ये ‘पॅकमॅन -एस लिनक्स’ पुन्हा चालवा. त्यातला एस तेवढा मोठ्या लिपीतला.